नटाने पाहावे कुठे?



रंगभूमीच्या अडचणींची यादी मी आज वाचणार नाही. ती रोज सोसणारे तुम्ही हौशी रंगकर्मीच समोर बसला आहात. मला बोलायचे आहे अभिनयाविषयी, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी. नट पाहतो कुठे?

स्पर्धांतली नाटके पाहताना गेली काही वर्षे मला एक गोष्ट खुपते आहे. आपले तरुण नट दुसऱ्या नटांकडे पाहून अभिनय करतात. सासू मालिकेतल्या सासूवरून उचललेली असते, फौजदार सिनेमातल्या फौजदारावरून, दारुडा आधीच्या दहा दारुड्यांवरून. आवाज असतो, पाठांतर असते, मेहनत तर असतेच असते. पण ज्याचे सोंग घेतले तो माणूस काही भेटत नाही. भरतमुनींनी नाट्याला लोक, वेद आणि अध्यात्म अशी तीन प्रमाणे सांगितली. त्यात लोकांच्या वागण्याबोलण्याला त्यांनी फार मोठे स्थान दिले. ते प्रमाण आपण हातचे सोडतो आहोत, असे मला वाटते.

एका तालमीतली गोष्ट सांगतो. म्हातारी आई तांदूळ पाखडत मुलाशी बोलते, असा प्रवेश होता. काम करणारी मुलगी शहरात वाढलेली. ती कोपरापासून सूप हलवायची आणि तांदूळ भुईवर सांडायचे. दिग्दर्शकाने तिला शेजारच्या आजींकडे धाडले. आजींनी दाखवले, की सगळे काम मनगटाचे. सूप जरा पुढे झुकवून झटका द्यायचा, कोंडा पुढे उडतो आणि दाणा आपल्याकडे परततो. मधेच खडा दिसला तर बोटाने बाजूला. काही दिवसांत मुलीचा हात बसला. इथवर ती नक्कल होती, आणि चांगली नक्कलही सोपी नसते.

प्रवेशाच्या मध्यावर मुलगा सांगतो, जमीन विकायचे ठरले आहे. सुरुवातीच्या तालमींत तिने या वाक्यावर सूप खाली ठेवले, डोळ्यांना पदर लावला. मी समोर बसलो होतो. मला काहीच वाटले नाही. पुढे एका संध्याकाळी ती पाखडतच राहिली. फक्त एक झटका चुकला आणि चार दाणे कोंड्याबरोबर बाहेर पडले. ते वेचता वेचता, मान वर न करता तिने विचारले, "कितीला?" खोलीतले सगळे गप्प झाले. पाखडणे तिने आजींकडून घेतले होते. झटका कुठे चुकायचा, हे मात्र तिचे तिला सापडले. अभिनय कला ठरतो तो या जागी.

आपल्या थोर नटांनी हेच केले. ज्या बालगंधर्वांच्या साड्यांची आणि गजऱ्यांची नक्कल घरंदाज बायका करत, तेच बालगंधर्व 1919 साली 'एकच प्याला'त सिंधू होऊन ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. 1933 मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि रंगमंचावरचे बोलणे घरातल्या बोलण्याजवळ आले.

पण इथे एक गैरसमज झाला आहे, आणि त्यावर मला जरा थांबायचे आहे. रोजचे जगणे दाखवायचे म्हणजे रोजच्यासारखे पुटपुटायचे, असे पुष्कळांना वाटू लागले आहे. 'नटसम्राट' आठवा. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. त्या अप्पासाहेबांसारखे बोलणारे वडील कुणाच्या घरात होते? तरीही मुलांच्या घरी आश्रितासारखे राहणाऱ्या कितीतरी आईबापांना ते नाटक आपल्याच घरातले वाटले. भाषा डोंगराएवढी होती, पण मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हाचा अपमान अगदी घरगुती मापाचा होता. आमच्या सिंधुदुर्गातला दशावतार घ्या. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री मुकुट घालून राजा होतो, आणि लिहिलेली संहिता नसल्यामुळे त्या राजाच्या तोंडी गावातला बांधाचा वादसुद्धा सहज येतो. रंगवलेल्या चेहऱ्याआडून तिथे गावच बोलत असते. भरताने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी अशा दोन्ही रीती मानल्या, त्या उगाच नाही.

निळूभाऊ फुले यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सेवादलाच्या कलापथकात घडलेल्या या माणसाने पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकामही केले. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या 'सामना'मधला त्यांचा हिंदुराव पाहा. गावची सत्ता ज्याच्या मुठीत असते त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. आवाज खाली, शब्द संथ, नजर जराशी तिरकी. मराठी पडद्यावर सत्तेचे इतके अचूक निरीक्षण दुसऱ्या कुणी केलेले मला दिसत नाही.

कुणी विचारेल, 'फँड्री'त आणि 'कोर्ट'मध्ये पूर्वी कधी अभिनय न केलेली माणसे उत्तम काम करून गेली, मग नटाची गरज काय? त्या चित्रपटांवर माझे मनापासून प्रेम आहे. पण कॅमेऱ्याला ती जागा एकदा सापडली की पुरते. रंगमंचावर शंभराव्या प्रयोगालाही तोच झटका चुकावा लागतो, आणि तो पहिल्यांदाच चुकतो आहे असे समोरच्याला वाटावे लागते. ती शिस्त नटाची.

आता एक मागणे. घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जिने चढणारी मुले, उसाच्या फडातले कोयते, एसटीचे वाहक, ही माणसे आपल्या नाटकांत फार थोडी दिसतात. दिसली तरी त्यांचे हात खोटे असतात. नाट्यसंस्थांनी शिबिराचे पहिले काही दिवस नटांना अशा माणसांबरोबर, त्यांच्या परवानगीने आणि त्यांचा मान राखून, काढायला लावावेत. परीक्षक मित्रांनो, अश्रूंना गुण देण्याआधी हातांकडे पाहा. आणि या सभागृहात शाळांचे जे मुख्याध्यापक बसले आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: संध्याकाळी तुमच्या शाळेतला एक वर्ग तालमीसाठी उघडून द्या. तालुक्याच्या गावात मुलांना तालमीला जागा मिळत नाही.