गरम पाण्याचा बंब : घ्यावा केवढा, चालवावा कसा?

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने देवालयाचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. कळस झाला, सभामंडप झाला, मागील अंगास स्वयंपाकघरही नवे झाले. आता वस्तू अर्पण करण्याची अहमहमिका लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. घंटा, समया, पंखे यांच्या जोडीला विजेवर चालणारा ५० लिटरचा स्टीलचा बंब देवालयास असावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे. तथापि तो घ्यावा काय आणि घेतल्यास चालवणे झेपेल काय, याचा विचार आधी झालेला बरा.

बंब ही वस्तू महाराष्ट्राला नवी नाही. तांब्याचा बंब घरोघरी न्हाणीजवळ असे. मध्ये उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी आणि बाजूला पितळी तोटी. नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाची सोडणे, कणसांची बुरकुंडे काहीही जळे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत असे बंब ठोकून घडवीत. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्याने उष्णता फारशी वाया जात नसे. मात्र तो बंब स्नानाच्या पाण्यासाठी होता. आतून कल्हई नसलेल्या तांब्यातील पाणी चहाला किंवा पिण्याला वापरणे योग्य नव्हे.

पंगतीचे आणि चहाचे पाणी मात्र बहुतेक गावी तीन दगडांच्या चुलीवरच तापत आले. अशा चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्याला लागतो, बाकीची वाऱ्यावर जाते. ५० लिटर पाणी उकळण्यास १०-१२ किलो लाकूड जळते आणि त्याचा धूर आयाबहिणींच्या डोळ्यांत व छातीत जातो. सप्ताहाच्या दिवसांत पहाटे तीनपासून चुलीपुढे बसणाऱ्या मायमाउल्यांचे कष्ट हिशेबात कधी लिहिले गेले नाहीत. ते वाचवावेत हा हेतू खरोखर पुण्याचा आहे. तेव्हा चूल नको याविषयी दुमत नसावे. प्रश्न उरतो तो बंब केवढा, याचा.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीच्या दिवसांत २० अंशांवरचे पाणी १०० अंशांपर्यंत न्यायचे तर लिटरमागे ८० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे थोडी गळती धरून दहा लिटर पाण्याला एक युनिट, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. ५० लिटरचा बंब एकदा उकळला की पाच युनिटे गेली. बिलावरील दराने गुणावे म्हणजे एका वेळचा खर्च निघतो. समजा दर ८ रुपये धरला, तर ४० रुपये. हेच पाणी गॅसच्या शेगडीवर तापवल्यास सुमारे ६०० ते ६५० ग्रॅम गॅस लागेल. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर असे तीसएक घाणे निघतात. दोन्ही आकडे शेजारी मांडून विश्वस्तांनी तुलना करावी.

आता गरज पाहू. काकड्याला आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे, समजा, ४० मंडळी जमतात. प्रत्येकी १०० मिलिलिटर चहा म्हटला तरी चार लिटर होतो. त्यात निम्मे दूध, म्हणजे पाणी लागले दोन लिटर! ५० लिटरच्या बंबात दोन लिटर पाणी तापत नाही. तापणारी कांडी पूर्ण बुडेल इतके पाणी भरावेच लागते, नाहीतर ती जळते. याउलट सप्ताहाच्या काल्याला ५०० माणसे आली तरी एका चहाला ५० लिटर चहा, आणि त्यात पाणी २५ लिटर. म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशीही चहापुरते एका वेळी ५० लिटर पाणी लागत नाही.

स्नानाचे पाणी ही वेगळी बाब. दिंडीतील शंभर माणसांना प्रत्येकी १५ लिटर कोमट पाणी म्हटले तर दीड हजार लिटर होते. तेथे ५० लिटरचा बंबही अपुराच. ते काम जुन्या तांब्याच्या बंबांचे किंवा छपरावरील सौर बंबाचे. सौर बंबात दिवसाला १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे दोन चौरस मीटरचा पत्रा लागतो, आणि महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर उन्हाला तोटा नाही. हेच ६० अंशांचे पाणी विजेच्या बंबात भरले तर चहाच्या पाण्याचे युनिटही निम्म्यावर येते.

मोठ्या बंबाचा खरा खर्च तापवण्यात नसून तापलेले राखण्यात आहे. साध्या एकपदरी भांड्यातून दर तासाला अर्ध्या युनिटाच्या आसपास उष्णता नुसती उडून जाते. पाणी खळखळत ठेवले तर विचारूच नये, कारण एका लिटरची वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ते उकळीपर्यंत नेण्यास लागलेल्या उष्णतेच्या पावणेसातपट. म्हणून बंब दुपदरी असावा, त्याला थर्मोस्टॅट असावा, झाकण बसलेले असावे आणि उकळी येताच तो ८५ ते ९० अंशांवर उतरवावा.

या साऱ्याचे तात्पर्य असे की, ५० लिटरचा एक घेण्यापेक्षा २५ लिटरचे दोन घ्यावेत. एरवी एकच अर्धा भरून लावावा, सप्ताहात दोन्ही लावावेत. एक बिघडला तर दुसरा अडीअडचणीला उभा राहतो. दोन किलोवॅटचा बंब २५ लिटर पाणी सव्वा तासात उकळतो आणि सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. त्यासाठी प्रत्येकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, चांगले अर्थिंग आणि धक्का बसताच वीज तोडणारे यंत्र हवे. मंडपाच्या दिव्यांच्या तारेवर बंब लावू नये. मंजूर भार पुरतो की नाही, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे. वीज गेली तर गॅसची शेगडी आणि मोठे पातेले तयार असावे.

बोअरच्या जड पाण्याने कांडीवर चुन्याचा थर चढतो, वीज जास्त जाते आणि शेवटी कांडी जळते. शक्य तर नळाचे पाणी वापरावे व महिन्यातून एकदा पाण्यात लिंबूसत्व घालून थर काढावा. बंबात फक्त पाणीच तापवावे. दूध किंवा चहा त्यात घातल्यास कांडीवर करपतो. तोटी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी असावी, कारण ६० अंशांचे पाणीदेखील काही सेकंदांत भाजते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. वस्तूवर नाव कोरून देणारे पुष्कळ मिळतात, विजेचे बिल देणारा मिळत नाही. हत्ती दान मिळाला तरी चारा घरचाच घालावा लागतो. अनेक देवालयांच्या कोठीत चकचकीत वस्तू धूळ खात पडलेल्या दिसतात, त्या वाईट होत्या म्हणून नव्हे, तर त्या चालवण्याची तरतूद कोणी केली नाही म्हणून. यास्तव बंब देणाऱ्या दात्याने, अथवा दोघातिघांनी मिळून, बंबाबरोबर काही रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून वीज व दुरुस्ती भागवावी. पाटीवर बंबाइतकेच मानाने ठेवीचेही नाव लिहावे.

विश्वस्तांनी तीन दरपत्रके मागवावीत, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवावी, हमीपत्र फाईलला लावावे आणि बंबाचा खर्च खतावणीत वेगळ्या खात्यावर दाखवावा. वर्षअखेर तो आकडा ग्रामस्थांपुढे वाचला म्हणजे शंकेला जागा राहत नाही. बंबाची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्यावी. सर्वांची म्हणून जी वस्तू असते तिला कोणी वाली नसतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही वडिलांची शिकवण देवालयासही लागू आहे. पहाटेच्या थंडीत काकड्याहून उठलेल्या वृद्धाच्या हाती गरम चहाचा पेला यावा आणि त्यासाठी कोणा माउलीचे डोळे धुराने चुरचुरू नयेत, एवढे साधले की दात्याचे दान सत्कारणी लागले. ती बुद्धी आणि ते बळ श्री सर्वांना देवो, ही श्रीचरणी प्रार्थना.