तिखटाच्या ताटातलं चॉकलेट

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



कोंबडीच्या रश्श्यात चॉकलेट घालायचं, हे ऐकून तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडलं असेल. ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे चॉकलेट म्हणजे मुलांचा खाऊ आणि वाढदिवसाचा केक. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे की कोको मुळात मसाला आहे. मसाल्याच्या मापाने आणि मसाल्याच्या शिस्तीने वापरला, तर घरच्या जेवणात त्याला मानाची जागा आहे.

चॉकलेटची वडी वाटते तितकी जुनी नाही. नेदरलंड्समध्ये व्हॅन हाउटेन यांनी कोकोतला स्निग्धांश दाबून वेगळा करण्याच्या यंत्राचं पेटंट 1828 साली घेतलं. इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने 1847 मध्ये खायची वडी केली, आणि दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये त्यानंतर आलं. म्हणजे ही वडी दोनशे वर्षांचीही नाही. त्याआधी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत माया आणि अझ्टेक लोक शतकानुशतकं कोको पीत होते. बिया भाजून, वाटून, पाण्यात फेसाळून केलेलं ते पेय कडू असे. त्यात मिरची पडे, व्हॅनिला पडे, सुवासिक फुलं पडत. कोकोच्या बिया बाजारात नाणं म्हणूनही चालत. मिरची आणि कोको यांची जोडी ही अशी फार जुनी आहे.

कोको पेल्यातून पातेल्यात आला तो स्पॅनिश राजवटीत. त्या पातेल्यातल्या रश्श्याचं नाव मोले. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात सांता रोसा नावाचा ख्रिस्ती मठ होता. तिथल्या जोगिणींनी मोठ्या पाहुण्यासाठी पहिला मोले रांधला, अशी आख्यायिका आहे. मठातलं ते रंगीत फरशांनी मढवलेलं स्वयंपाकघर आजही पाहायला मिळतं. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी मोलेतले जिन्नसच आपला इतिहास सांगतात. मिरच्या, टोमॅटो, शेंगदाणे, कोको आणि टर्की हे तिथल्या मातीतले. तीळ, मिरी, दालचिनी, लवंग, बदाम, मनुका समुद्रापलीकडून आलेले. त्यातला तीळ भारतीय उपखंडातला, मिरी मलबारची. 1565 पासून अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं जात होती, आणि पूर्वेकडचा माल त्यातून मेक्सिकोत उतरत होता. उलट दिशेने, सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्याला आली. ती आपण इतकी आपलीशी केली की कोल्हापूरचा रस्सा तिच्याशिवाय सुचतही नाही. शेंगदाणा, टोमॅटो, मका, काजू हेही मिरचीसारखेच अमेरिका खंडांतून आले आणि इथलेच झाले. कोको मात्र आपल्याकडे गोडाच्या कपाटातच राहिला.

मोले म्हणजे एकच पदार्थ नव्हे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात सात मोले सांगतात: काळा, तांबडा, पिवळा, हिरवा असे. सगळ्यांत चॉकलेट नसतं. हिरव्यात पडतात भोपळ्याच्या बिया आणि ताजा पाला. ज्यात चॉकलेट असतं, तिथेही ते अगदी थोडं असतं. जेवणाऱ्याला पहिल्या घासाला चॉकलेट ओळखू आलं, तर माप चुकलं असं समजावं.

मग ते घालायचं कशासाठी? कोकोच्या बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, मग वाळवून भाजतात. भाजताना जे सुगंधी घटक तयार होतात, त्यांतले कितीतरी भाजलेल्या शेंगदाण्यात, कॉफीत आणि खरपूस मांसातही असतात. म्हणून त्यांचं एकमेकांशी जमतं. दुसरं कारण कडवटपणा. मनुका आणि टोमॅटो यांची आंबटगोड चव एकटी पडली की रस्सा चटणीसारखा लागतो. कोकोचा कडवटपणा तिला खोली देतो. तिसरं कारण स्निग्धांश. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. कोको, तीळ आणि बदाम यांच्या तेलात तो पसरतो, आणि तिखट जिभेला एकदम न डसता हळूहळू चढतं.

आता प्रत्यक्ष स्वयंपाक. चार-पाच माणसांसाठी सांगतो. मेक्सिकोत आंचो, मुलातो, पासिया अशा सुक्या मिरच्या वापरतात. त्या इथे सहज मिळत नाहीत, म्हणून रंगासाठी दहा-बारा ब्याडगी आणि तिखटासाठी दोन-तीन संकेश्वरी घ्या. देठ आणि बिया काढा. मंद आचेवर वास सुटेपर्यंतच परता. मिरची करपली की तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही. मग त्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा.

त्याच कढईत, थोड्या तेलात, एकेक जिन्नस वेगळा तळा: दोन चमचे तीळ, मूठभर शेंगदाणे, दहा बदाम, दोन चमचे मनुका, कांदा, पाच-सहा लसूणपाकळ्या, दोन टोमॅटो. तिथे पिकलेलं भाजीचं केळं घालतात. वसईकडचं राजेळी केळं मिळालं तर अर्धं तळून घाला. दाटपणासाठी मक्याच्या भाकरीचा वाळका तुकडा तळा. इंचभर दालचिनी, तीन लवंगा आणि पाच-सहा मिरे कोरडे भाजा. प्रत्येक जिन्नस वेगळा का? कारण मनुका क्षणात फुगतात आणि बदामाला वेळ लागतो. एकत्र टाकले तर एक कच्चा राहतो, दुसरा जळतो.

मिरच्यांसकट सगळं गंधासारखं बारीक वाटा. मेक्सिकोत हे मेताते नावाच्या तीन पायांच्या दगडावर गुडघ्यावर बसून वाटत. आपला पाटा-वरवंटाच जणू. आज मिक्सर चालेल, फक्त वाटण चाळणीतून गाळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून ते वाटण तेल सुटेपर्यंत परता. दुसरीकडे आठशे ग्रॅम कोंबडी कांदा-लसूण घालून शिजवा आणि तिचंच पाणी वाटणात घाला. मंद आचेवर पाऊण तास रटरटू द्या. शाकाहारी घरांत कोंबडीऐवजी वांगी किंवा रताळी तळून घाला, आणि रश्श्याला भाज्यांचं पाणी वापरा.

चॉकलेटची पाळी शेवटी येते. दुधाचं चॉकलेट चालणार नाही. कोकोचं प्रमाण सत्तर टक्के किंवा जास्त असलेलं तीस ग्रॅम चॉकलेट घ्या. आच अगदी कमी करा, कारण चॉकलेट बुडाला लागून लगेच करपतं. आधी निम्मं घालून ढवळा आणि चव घ्या. मगच उरलेलं घाला. मीठ पुन्हा चाखा, लागला तर गुळाचा लहानसा खडा टाका. आता शिजलेली कोंबडी रश्श्यात सोडून दहा मिनिटं ठेवा. वरून भाजलेले तीळ भुरभुरा आणि मक्याच्या भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर वाढा. रस्सा रात्रभर मुरला की अधिक चांगला लागतो, तेव्हा शनिवारी करून रविवारी वाढायला हरकत नाही.

श्रोतेहो, हाताला लागेल ते पातेल्यात टाकण्याला मी पाककलेतलं धाडस म्हणत नाही. दुसऱ्या मुलुखातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेला क्रम आधी मनापासून शिकायचा, प्रत्येक जिन्नस तिथे का आहे हे समजून घ्यायचं, आणि मग आपल्या बाजारात मिळेल त्याने तो पदार्थ उभा करायचा, यालाच खरं धाडस लागतं. ब्याडगी आणि राजेळी घातल्यावर तो पुएब्लाचा मोले राहणार नाही, हे मान्य करा आणि त्याला आपल्या घरचा म्हणा. गोव्याच्या किनाऱ्यावर मिरची उतरली, तेव्हा इथल्या घरांनीही हेच केलं होतं. त्या अनाम स्वयंपाकिणींची जिज्ञासा आपल्यात अजून आहे, अशी माझी खात्री आहे. घरी करून पाहा, शेजाऱ्यांना बोलवा, आणि काय घातलंय हे त्यांना जेवण झाल्यावर सांगा.