लावणी थांबत नाही
(भोर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आज मी पेशींच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या मुलींबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. मी शास्त्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि भोर-वेल्ह्याच्या गावांतून बचत गटांचं, समुपदेशनाचं काम करते. प्रयोगशाळेची पायरी मी पहिल्यांदा चढले ती एका घरातलं भांडण समजून घ्यायला.

वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. तिथल्या एका गावातली मुलगी. तिची आणखी ओळख सांगत नाही. भोरला बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी. केलं. नेटची परीक्षा दिली, फेलोशिप मिळाली आणि पीएच.डी.साठी पेशींवर काम करू लागली. एका रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. तिनं फोनवर सांगितलं, "मला येता येणार नाही. पेशी बदलायच्या आहेत, नाही बदलल्या तर मरतील." वडील संतापले. "पेशी म्हणे मरतील! इथं आमची अब्रू गेली तरी चालेल!" आई माझ्याकडे आली. "ताई, रविवारी कुठलं ऑफिस चालू असतं? पोरगी खोटं तर बोलत नाही ना?"

खरंखोटं बघायला म्हणून मी गेले. जे पाहिलं ते तुम्हाला तुमच्याच शब्दांत सांगते.

आपण भाताची रोपं टाकतो. रोपं दाट वाढतात. ठरावीक दिवसांनी ती उपटून खाचरात लावावी लागतात. वेळ चुकली की रोप जून होतं, पीक हातचं जातं. पेशींचं तसंच आहे. काचेसारख्या बशीत, गुलाबी औषधपाण्यात त्या वाढतात. कपाटाएवढ्या पेटीत त्यांना 37 अंश ऊब आणि हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. दोन-तीन दिवसांत बशी भरते. मग त्या सोडवून, विरळ करून नव्या बशीत घालायच्या. ही त्यांची लावणी. आणि हे सगळं करताना दुधाच्या भांड्यापेक्षा जास्त सोवळं पाळायचं. बुरशीचा एक कण पडला तर महिन्याचं काम नासतं. पेशी गोठवून ठेवता येतात, पण अर्ध्यावर आलेला प्रयोग गोठवता येत नाही. त्याला रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही.

हे मी घरी जाऊन सांगितलं. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हिची बारमाही लावणीच म्हणायची." दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो मात्र रास्त होता. "ही नोकरी आहे का शिक्षण?" खरं सांगायचं तर धड दोन्ही नाही. 1 जानेवारी 2023 पासून सुरुवातीच्या फेलोशिपचे महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं असा दर आहे. पण ती पगार नाही, पाच वर्षांनंतरची हमी नाही. कधी पैसे महिनेन् महिने अडकतात, तेव्हा खोलीचं भाडं उसनवारीवर भरावं लागतं. उशिरापर्यंत काम असतं, शेवटची एस.टी. स्वारगेटहून निघून गेलेली असते.

आईनं वेगळंच विचारलं. "या पेशी आणल्या कुठनं?" मुलीनं सांगितलं, एका बाईच्या आहेत. अमेरिकेतली हेन्रिएटा लॅक्स, तंबाखूची शेती करणाऱ्या घरातली काळी बाई, पाच मुलांची आई. 1951 साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा 31 वर्षांची होती. तिच्या गाठीतल्या पेशी आजही जगभर वाढताहेत. आई म्हणाली, "तिला विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. घरच्यांना कळायला वीसेक वर्षं गेली. पेशींच्या जिवावर धंदा केल्याबद्दल एका कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली ती 2023 साली! मैत्रिणींनो, शास्त्रज्ञांना जो प्रश्न पडायला इतकी वर्षं लागली, तो खाचरात राबणाऱ्या बाईला पहिल्या झटक्यात पडला. विज्ञान आपलं नाही, असं कोण म्हणतं?

आता दुसरी बाजू. घर समजून घेईल, पण प्रयोगशाळेचं काय? या मुलीनं लग्नासाठी चार दिवस मागणाऱ्या मैत्रिणीला ऐकवलेलं वाक्य स्वतः ऐकलं: "लग्नच करायचं होतं तर इथं जागा कशाला अडवली?" काम थांबत नाही हे खरं. पण ते एकटीनंच करावं, हा नियम कुणी केला? ज्याच्या घरी जेवणाचा डबा तयार असतो, मूल सांभाळायला कुणीतरी असतं, अशा माणसाच्या सोयीनं तिथलं घड्याळ लागलंय. आपल्याकडे लावणीला एका घरची बाई बाळंतीण असली म्हणून तिचं खाचर पडीक राहतं का? आपण सावडीनं लावतो. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. ही सावड प्रयोगशाळेत का नसावी? एकीच्या पेशी दुसऱ्यानं बदलाव्यात, आणि त्यात मुलगेही असावेत.

ही वाट आपल्यातल्याच एका बाईनं आधी चालून दाखवली आहे. डॉ. कमल रणदिवे. जन्म 1917, पुण्याचा. त्यांनी वैद्यकी शिकावी, डॉक्टराशी लग्न करावं, ही वडिलांची इच्छा. त्यांनी दोन्ही केलं नाही. आपल्या डोंगरांवर होतं ना सीताफळ, त्याच कुळातल्या झाडांच्या पेशींवर 1943 साली पुण्यातून एम.एस्सी. केलं. लग्नानंतर मुंबईत टाटा हॉस्पिटलात काम करत 1949 साली पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या. लॅक्सबाईंच्या पेशी वाढल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. परत येऊन कमलताईंनी मुंबईत देशातली पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. 1973 साली त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञ स्त्रियांनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेनं वाशीला काय उभं केलं? नोकरी करणाऱ्या स्त्रियांचं वसतिगृह आणि पाळणाघर. नुसत्या हुशारीवर बाई टिकत नाही, तिला खोली लागते, मुलाला सांभाळणारं कुणी लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून जाता जाता तीन गोष्टी सांगते. पहिली, मुलींना हक्क ठाऊक हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद केली. 2022 च्या नियमांतही ती आहे. छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती संस्थेत असलीच पाहिजे, हा 2013 चा कायदा आहे. दुसरी, आयांनी एकदा तरी मुलीचं काम बघून यावं. एस.टी.चं तिकीट आपल्या गटातून काढू. तिसरी, लग्नाची बोलणी करताना कांदेपोह्यांच्या आधी तिच्या कामाच्या वेळा सांगाव्यात. ज्यांना त्या चालत नाहीत, त्यांनी यायचे कष्ट घेऊ नयेत.

त्या घरात सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नाचा विषय अजून निघतो, आवाज चढतात. पण आता पाहुण्यांचा दिवस तिला विचारून ठरतो. तिकडे प्रयोगशाळेत चौघांनी रविवार वाटून घेतलेत, त्यात दोन मुलगे आहेत. गेल्या पावसाळ्यात तिच्या पेशी सहकाऱ्यानं सांभाळल्या आणि ती घरच्या लावणीला दोन दिवस आली. आईनं मला निरोप धाडला, "सावड फिटली."