सॅच्युरेशन नव्याण्णव, मग ऑक्सिजन कशाला?

(फॅमिली डॉक्टरांच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



माझं नाव ज्यांनी सुचवलं त्यांचे आभार. माझ्याविरुद्ध ज्यांनी अर्ज भरला नाही त्यांचे जरा जास्त आभार. अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे, म्हणून घेतो. जेनेरिकच्या चिठ्ठीचा घोळ होता तिथेच आहे. दवाखान्यांवरचे हल्ले थांबलेले नाहीत. क्रॉसपॅथीवर आज सकाळी दोन तास भांडण झालं, ते पुढच्या वर्षीही होईल. बाकीचं छापील भाषण तुमच्या पिशवीत आहे, सवडीनं वाचा. मला आज एकाच डोकेदुखीबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं या माईकची वाट पाहिली आहे.

चिपळुणात मी 36 वर्षं दवाखाना चालवतो. 2004 साली एसटीचे एक ड्रायव्हर माझ्याकडे आले. धिप्पाड माणूस, कुंभार्ली घाट डोळे मिटून उतरवील असा. उजव्या डोळ्यामागे कोणी तापलेली सळई खुपसतंय, असं सांगत होते. रोज रात्री दीड वाजता, घड्याळ लावल्यासारखी. उजवाच डोळा लाल होऊन गळायचा, पापणी खाली यायची, उजवी नाकपुडी बंद. तासाभरात सगळं साफ. सकाळी माणूस ठणठणीत, म्हणून घरात कोणाचा विश्वास बसेना. माझ्याकडे येण्याआधी त्यांच्या वरच्या उजव्या दोन दाढा गेल्या होत्या, नाकाचा पडदा सरळ झाला होता, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता आणि एका देवऋषानं कोंबडं घेतलं होतं.

मी काय केलं? ‘अर्धशिशी’ लिहून मोकळा झालो. अर्धं डोकं दुखतंय ना, मग अर्धशिशी! आपल्या भाषेतला हा सुंदर शब्द किती रोगनिदानं गिळून बसला आहे, याचा कोणीतरी एकदा हिशेब मांडावा. त्यांच्या पत्नी मला सांगत होत्या, “डॉक्टर, हे झोपत नाहीत हो. अंगणात येरझाऱ्या घालतात, भिंतीवर डोकं आपटतात.” अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत मुटकुळं करून पडतो, हालचाल त्याला सोसत नाही. हा माणूस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. निदान बाईंनी केलं होतं, ते मला ऐकू आलं नाही. त्या आणखी एक गोष्ट बोलल्या होत्या. अंगणात विहीर होती, आणि दुखणं सुरू झालं की त्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायच्या, हवा खायला. कसली हवा, ते मला फार उशिरा कळलं.

आणि गंमत पाहा, माझ्या गोळ्यांनी त्यांना बरं वाटलं! दोन महिन्यांनी दुखणं थांबलं आणि मी कॉलर ताठ केली. दाढ काढणाऱ्यानंही केली असेल, देवऋषानं तर नक्कीच. हा आजार हंगामी पाहुण्यासारखा येतो. सहा आठवडे, दोन-तीन महिने मुक्काम ठोकतो, मग वर्षभर फिरकत नाही. पाहुणा आपल्या पायानं जातो आणि शेवटी ज्यानं हात लावला तो यशस्वी वैद्य ठरतो. आपल्यापैकी किती जणांकडे अशा यशाच्या गोष्टी आहेत, हात वर करा म्हणत नाही.

याला क्लस्टर हेडेक म्हणतात. सकाळच्या सत्रात याला मराठीत ‘गुच्छशूळ’ म्हणावं की ‘पुंजडोकेदुखी’ यावर वीस मिनिटं गेली. माझे ड्रायव्हर त्याला ‘दीडची गाडी’ म्हणायचे. हा शब्द सर्वांत शास्त्रीय आहे. कारण 1998 साली मे आणि गोड्सबी यांच्या गटानं झटका चालू असताना मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा जागा सापडली ती हायपोथॅलॅमसमधली, शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या भागातली. हजारात साधारण एकाला हा त्रास होतो. माझ्या तालुक्यात म्हणजे अडीचशेच्या आसपास माणसं असणार. 36 वर्षांत मी ओळखली सात. उरलेल्यांच्या दाढा कोण मोजणार?

आता मुद्द्याचं. मेयो क्लिनिकच्या हॉर्टन यांनी 1939 साली या दुखण्याचं वर्णन केलं आणि पुढे त्यावर ऑक्सिजनही वापरला. 1981 साली कुड्रो यांनी 52 रुग्णांना मिनिटाला 7 लिटर दिला, चारांतल्या तिघांना आराम पडला. कुड्रोंना स्वतःलाच हा आजार होता, त्यामुळे त्यांना उगाच थांबायला वेळ नव्हता. 2009 साली कोहेन, बर्न्स आणि गोड्सबी यांनी मास्कमधून एकदा ऑक्सिजन, एकदा साधी हवा अशी आंधळी चाचणी घेतली. मिनिटाला 12 लिटर, 15 मिनिटं. ऑक्सिजननं 78 टक्के झटके उतरले, हवेनं 20 टक्के. माझी मुलगी तेव्हा एम.डी. करत होती. तिनं त्या लेखाची झेरॉक्स पाठवली, वर पेननं लिहिलं होतं, ‘बाबा, तुमचे ड्रायव्हर?’

2010 च्या मार्चमध्ये दीडची गाडी पुन्हा सुरू झाली. मी त्यांना रात्री एक वाजता दवाखान्यात बोलावून बसवलं. छोटा काळा सिलिंडर, पांढऱ्या खांद्याचा. पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क. एक पस्तीसला डोळ्यातून धार लागली. मी मास्क चढवला, कडेची भोकं बोटानं दाबून धरली, फ्लोमीटरची गोळी 12 वर नेली. फुस्स आवाज, पिशवी फुगतेय, बसतेय. त्यांची टाच जमिनीवर ठोके देत होती. मी घड्याळाकडे नाही, त्या टाचेकडे बघत होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला ठोके मंदावले. अकराव्या मिनिटाला टाच थांबली. मास्क त्यांनी स्वतःच वर सरकवला आणि म्हणाले, “डॉक्टर, जरा च्या मिळंल काय?” सहा वर्षं मी त्यांना जे दिलं नव्हतं ते कोपऱ्यात सिलिंडरमध्ये भरून उभं होतं, आणि मी त्याच्यावर माझा एप्रन टांगत होतो.

मग मी चिठ्ठी लिहून दिली. आठवड्यानं ते मुक्कामाच्या गाडीवर दुसऱ्या शहरात होते. झटका आला, ते चिठ्ठी घेऊन तिथल्या एका इस्पितळात गेले. ड्युटीवरच्या पोरसवद्या डॉक्टरनं बोटाला क्लिप लावली, आकडा वाचला आणि चिठ्ठी परत केली. “सॅच्युरेशन नव्याण्णव आहे, ऑक्सिजन कशाला?” दंडात डायक्लोफेनॅक दिलं. तासाभरानं झटका आपला आपण उतरला आणि कागदावर नोंद झाली, ‘रुग्णास आराम’.

मित्रहो, हे वाक्य मी त्यानंतर किती तोंडांतून ऐकलं असेल! सात रुग्ण, सातांनाही हेच. कधी फार दया आली तर नाकात नळ्या घालून 2 लिटर, म्हणजे वणव्यावर पाण्याची चूळ. आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे की ऑक्सिजन म्हणजे कमी पडलं तर भरायचं, टाकीतल्या पाण्यासारखं. इथे काही कमी पडलेलंच नाही. इथे ते औषध आहे, त्याला डोस आहे. 100 टक्के, मिनिटाला 12 ते 15 लिटर, पिशवीच्या मास्कनं, बसवून, झटका सुरू होताच, 15 मिनिटं. क्लिपवरच्या आकड्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पॅरासिटामॉल देताना तुम्ही रक्तातलं पॅरासिटामॉल कमी आहे का ते तपासता का? अमेरिकेतही शहाणपण उशिरा आलं. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं 2011 साली घरच्या ऑक्सिजनचे पैसे या आजारासाठी नाकारले आणि ती आडकाठी काढायला 2021 उजाडलं.

सुमाट्रिप्टानचं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आहे, ते उत्तम आहे. पण ते दिवसात दोनच घेता येतं, हृदयविकार असेल तर देता येत नाही, आणि गावातल्या दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. झटके मुळातच कमी व्हावेत म्हणून व्हेरापामिल आहे, ईसीजी काढत काढत डोस वाढवायचा. ते सगळं न्यूरॉलॉजीवाले नीट सांगतात. रात्री दीड वाजता मात्र न्यूरॉलॉजीवाला नसतो, आपण असतो.

दोन आक्षेप आज सकाळी आले. एक, कोविडनंतर घरोघरी कॉन्सन्ट्रेटर पडले आहेत, ते वापरा. मी वापरून पाहिला आहे. 5 लिटरचं यंत्र, ओढणारा माणूस घाटातला बैल. पिशवी गालाला चिकटली आणि झटका पाऊण तास चालला. विषय संपला. दुसरा, घरात सिलिंडर धोक्याचा, त्यात हे रुग्ण बहुतेक बिडी-सिगारेटवाले. हा आक्षेप खरा आहे. फुप्फुसं खराब असतील तर आधी छाती तपासून घ्या. बिडीबद्दल मी ड्रायव्हरना अट घातली, सिलिंडर माजघरात आणि बिडी विहिरीपलीकडे. बिडी सुटली असं खोटं सांगणार नाही, अट मात्र पाळली. खरी भीती मला तेलाची वाटली. त्यांच्या पत्नी केसांना खोबरेल लावून त्याच हातानं रेग्युलेटर फिरवायला निघाल्या होत्या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल यांचं वैर मी त्यांना तिथेच उभं राहून समजावलं. तेव्हापासून सिलिंडरशेजारी साबणाची वडी असते.

हिशेब सांगतो, कारण तो कोणीच सांगत नाही. छोट्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतो. एका झटक्याला 180 लिटर. म्हणजे आठ झटके. रात्रीत तीन आले तर तिसऱ्या रात्री सिलिंडर रिकामा. मोठा जंबो 7 हजार लिटरचा, अडतीसेक झटके, पण तो हलवायला दोन माणसं लागतात. वायूची किंमत किरकोळ आहे. माणूस मरतो तो डिपॉझिटमध्ये, भाड्यात आणि ‘पेशंट कुठे ॲडमिट आहे?’ या प्रश्नात.

कोविडमधला 2021 चा एप्रिल तुम्हाला वेगळा सांगायला नको. नेमकी त्याच महिन्यात दीडची गाडी आली. त्यांच्या माजघरात एक भरलेला जंबो होता, वाडीत दोन घरं पलीकडे एक म्हातारी धापा टाकत होती. त्यांनी मला फोन केला, परवानगी मागायला नाही, सांगायला. “डॉक्टर, टाकी तिकडं दिली. माझा काय जीव जात नाय.” पुढचे सहा आठवडे ते अंगणात फिरत होते. इंजेक्शनं मी कुठून कुठून मिळवली, ती दिवसाला दोन. तिसरा झटका कोरडा. म्हातारी जगली. मी त्यांना टाकी परत मागा असं म्हणालो नाही, आणि देऊ नका असंही म्हणालो नाही. आजही रात्री कधी जाग आली की दोन्हींपैकी काय म्हणायला हवं होतं, याचा विचार करतो.

अध्यक्षानं संकल्प सोडायचे असतात. सोडतो. एक छापील चिठ्ठी करू, डोस आणि मास्क लिहिलेली, खाली ठळक ओळ की सॅच्युरेशन पाहून नाकारू नये. ती प्रत्येक इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत लागली पाहिजे. कशी, ते कार्यकारिणी बघेल. कोणत्या तालुक्यात रात्री सिलिंडर कोण देतं, याची यादी कोणीतरी करावी. दंतवैद्यांच्या संघटनेशी बोलावं, दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढल्याशिवाय जमलं तर. समिती नेमा. निमंत्रक मला करू नका, माझ्याकडे यादीत फक्त चिपळूणच आहे.

ड्रायव्हर आता निवृत्त झाले आहेत. परवा मी इकडे निघत होतो तेव्हा त्यांचा फोन आला, डोळ्यामागे चुणचुण सुरू झाली आहे म्हणून. कंपाउंडरला सांगून ठेवलं आहे, सिलिंडर भरलेला आहे, पाना नेहमीच्या खिळ्याला आहे. स्वागताध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत, जेवण गार होतंय म्हणतात. मलाही रात्रीची गाडी गाठायची आहे.