चोच पोचते तिथे रंग नको

दसरा आटोपला की आम्हा भंडाऱ्याच्या पशुवैद्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, घराला रंग काढला, डब्यात थोडा ऑइलपेंट उरलाय. पिंजऱ्याला मारू का?" तुमसरहून फोन येवो की पवनीहून, प्रश्न हाच.

माझं उत्तर आहे, नका मारू. चोच पोचते तिथे रंग नको.

पक्ष्याला हात नसतात, चोच हाच त्याचा हात. लव्हबर्ड असो, बजरी असो की कॉकटेल, समोर येईल ते तो कुरतडून बघणारच. रंगाचा पापुद्रा पोटात गेला की सहज बाहेर पडत नाही. कोंबडी कापताना पथरी निघते ना, तशीच पथरी या पक्ष्यालाही असते. पापुद्रा तिथे अडकतो, दळला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो. रंगात शिसं असेल तर ते असं रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीला विष ते किती लागणार?

घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो. जुन्या दाराच्या फळ्या काढून पिंजरा केला असेल, तर त्यावरचे थर तर वडील-आजोबांच्या काळातले. ते घरात बसून खरवडू नका. ती धूळ पक्ष्याला आणि रांगत्या लेकराला, दोघांनाही घातक.

"पण साहेब, फक्त बाहेरून मारला." अहो, सळीला आत-बाहेर असतं का? पक्षी आतून चोच घालतो आणि बाहेरचा रंग सोलतो! दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी कुणीतरी मान टाकलेला पक्षी रुमालात गुंडाळून आणतं. सोबतचं पोरगं रडत असतं. त्याला काय सांगू मी?

नवी जस्ताची जाळी लावणार असाल तर आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासा, धुवा, वाळवा. सुटणारे कण निघून जातात. जस्तही पक्ष्याला बाधतं. आणि आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, म्हणून हौसेनं पिंजऱ्यात पितळी घुंगरू बांधतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. घुंगरू काढा.

लाकूड कोरंच ठेवा. बसायला पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी द्या, खराब झाली की बदला. तेल लावायचंच असेल तर आपल्या धानाच्या बांधीत पिकणाऱ्या जवसाचं, घाण्याचं कच्चं तेल पुरे. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसतेल नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तोवर पक्षी आत नको. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेते.

कोंबड्यांच्या खुराड्याला चुना चालतो, पूर्ण वाळल्यावर.

घराला रंग चालू असताना पिंजरा शेजारी नेऊन ठेवा. पक्ष्याची फुफ्फुसं हवेतलं विष आपल्यापेक्षा फार लवकर ओढतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, अगदी 1986 पर्यंत. थिनरचा वास तुम्हाला येईनासा झाला तरी आणखी काही दिवस थांबा.

आपला हिरवा रानपोपट मात्र कुठल्याच पिंजऱ्यात नको. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

पक्षी पिसं फुगवून बसला, पंख ढिले सोडले, पाणी फार पिऊ लागला, विष्ठा गडद हिरवी झाली किंवा झटके आले, तर हळद-तूप करत बसू नका. शिशावर इंजेक्शन आहे, पण वेळेत मिळायला हवं. त्याच दिवशी दवाखान्यात या, आणि येताना रंगाचा डबा सोबत आणा.