उंच गवताच्या पायाशी



गिरणीच्या दारात घसा कोरडा करणारा माणूस आज रानफुलांच्या छायाचित्रांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. पण १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी कामाचे आठच तास मागितले, ते काय नुसते झोपेसाठी? उरल्या वेळात माणसाने एखाद्या फुलापुढे पालथे पडावे, हेही त्या मागणीत येते असे आम्ही धरून चालतो.

थोरल्या मुलीकडे शिकागोला गेलो असता आम्ही मिडेविनचे माळरान पाहिले. शहराच्या नैर्ऋत्येस ते सुमारे सत्तर किलोमीटरांवर आहे. उंच गवताच्या अशा प्रदेशाला तिकडे प्रेअरी म्हणतात. इलिनॉय राज्यात ती एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर होती. १८३७ साली जॉन डिअरने पोलादी नांगर केला आणि ती चिवट काळी माती उलटू लागली. आज मूळ स्वरूपातली उत्तम प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. त्यातली पुष्कळशी जुन्या दफनभूमींत आणि रुळांच्या कडेला, जेथे नांगर शिरला नाही.

मिडेविनची जमीन दारूगोळ्याच्या कारखान्याची. ५ जून १९४२ रोजी तेथे स्फोट होऊन ४८ कामगार मेले किंवा बेपत्ता झाले. १९९६ साली कायद्याने ती प्रेअरीसाठी राखली गेली. मातीने झाकलेली कोठारे मात्र अजून दिसतात.

तेथले गवत पावसाळी ज्वारीसारखे पुरुषभर वाढते. पण मे महिन्यात ते अजून ठेंगणे असते. तेवढ्या अवधीत लहान फुले आपले उरकून घेतात. त्यांतले एक ‘निळ्या डोळ्याचे गवत’. हे गवत नव्हे, आयरिसच्या कुळातले. आणि डोळा पिवळा! फूल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे.

उभ्याने चित्र घेतले तर नुसता ठिपका येतो. कोपरे जमिनीला टेकून भिंग फुलाच्या उंचीला आणावे लागते. इतक्या जवळून एक पाकळी स्पष्ट झाली की दुसरी पुसट होते. म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करावे, तर प्रकाश घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वारा फूल हलवतो. ढगाळ उजेड चित्राला चांगला; पण हे फूल उमलते उन्हात. तेव्हा उन्हातच जावे आणि वर छत्रीची सावली धरावी. आमची छत्री मुलीने धरली; तिची मजुरी अद्याप थकली आहे.

चित्राआड येणारे पाते उपटणारे हौशी लोक आम्ही पाहिले. पाते बोटाने वाकवावे, मग सोडून द्यावे. ते कुणीतरी बी पेरून आणलेले असते. आणि प्रत्येक चित्रामागे तारीख व जागा लिहावीच. हजेरीपटावर नाव नसलेला कामगार मालकाच्या लेखी कामावर नव्हताच. उद्या त्या जागी रस्ता आखला गेला, तर येथे काही नव्हते असेच म्हणतील.

आता दिवे मालवावेत. पहिल्या चित्रात फुलामागे जी धूसर टेकडी दिसेल, ती टेकडी नव्हे. दारूगोळ्याचे कोठार आहे.