तक्ता आधी आपल्या बोटाखाली



स्वागत समितीची अध्यक्ष म्हणून मी डहाणूत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत करते. तोंडाने न बोलणाऱ्या लहान मुलांच्या संवादावरच्या अशा परिषदा बहुधा मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत भरतात. ही परिषद इथेच व्हावी असा आम्ही हट्ट धरला, त्याला कारण आहे. बोर्डी हे गाव याच तालुक्यातलं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची साधनं महाग आणि अनोळखी, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं गोळा करून त्यांचीच साधनं केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ देशभर पोचली. माझी सगळी नोकरी त्याच योजनेत, पर्यवेक्षिका म्हणून पाडे फिरण्यात गेली. त्या अनुभवावर मी चार शब्द बोलणार आहे. शास्त्र सांगायला तज्ज्ञ मंडळी समोर बसलेली आहेतच.

आपण बोलतोय ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल. तोंडातून दोन-चार शब्द येतात, किंवा एकही येत नाही. कुणाला ऑटिझम आहे, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला डाउन सिंड्रोम. कुणाचं निदान अजून व्हायचंय. अशा मुलाच्या आईला पहिली दोन वर्षं ऐकायला काय मिळतं? बापही उशिराच बोलला होता. जिभेखालची दोरी कापून आणा. महालक्ष्मीला नवस बोला. आणि या सगळ्यात कानांची तपासणी राहून जाते. मागे उभं राहून टाळी वाजवली, मूल दचकलं, म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालतात. ती तपासणी नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं; त्या दिवशी या मुलाचं नाव यादीत सगळ्यात वर असलं पाहिजे, आणि तिथून पुढे कानांची ‘बेरा’ तपासणी होईपर्यंत सेविकेने पाठपुरावा सोडता कामा नये.

पण निदान आणि तपासण्या होईपर्यंत संवाद थांबवून ठेवायचा का? माझं सांगणं आहे, एक दिवसही नाही. चित्रांचा तक्ता, हाताच्या खुणा, बटण दाबलं की बोलणारं यंत्र, टॅबलेटवरचं अ‍ॅप, जे हाताशी असेल ते त्याच आठवड्यात सुरू करावं.

यावर पालक नेहमी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे: चित्रं हातात दिली तर हा बोलायचा कशाला? आळशी नाही का होणार? आजच्या परिषदेतून एवढी एक भीती घेऊन कुणी घरी जाऊ नये. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघांनी तोवरचा अभ्यास चाळून काढला. काटेकोरपणे केलेल्या अभ्यासांतली सत्तावीस माणसं त्यांनी निवडली. अशी साधनं वापरायला लागल्यावर त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं. वाढ फार मोठी नव्हती हेही त्यांनी लिहून ठेवलंय, आणि ते आपण पालकांना तसंच सांगायला हवं. २०१०मध्ये अमेरिकेतल्या रोम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते तीन वर्षांची बासष्ट मुलं आणि त्यांचे पालक घेऊन काम केलं. काहींना नुसत्या बोलण्याचं शिक्षण, काहींना बोलणाऱ्या यंत्रासह. यंत्रवाल्या मुलांनी जास्त शब्द मिळवले, आणि त्यांचं तोंडी बोलणं मागे पडलं नाही. २०१४चा कॉनी कसारी यांचा अभ्यास अंगणवाडीपेक्षा थोड्या मोठ्या, पाच ते आठ वर्षांच्या एकसष्ट ऑटिस्टिक मुलांचा आहे. खेळातून शिकवण्याच्या पद्धतीत सुरुवातीपासूनच बोलणारं यंत्र घेतलं, तेव्हा मुलं आपणहून जास्त बोलू लागली. सुरुवातीपासून, हा त्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. सगळं करून थकल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून तक्ता काढणं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आता बंद व्हायला हवी.

आता मुद्द्याचं. तक्ता मुलापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, ‘दाखव बरं, पाणी कुठंय? केळं कुठंय?’ मूल दाखवत नाही, चित्र चावतं, भिरकावून देतं. पंधरा दिवसांनी शेरा पडतो: ‘याला समजत नाही.’ मला या शेऱ्याचं फार वाईट वाटतं. बोलणारं मूल पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. त्या वर्षात आपण त्याची परीक्षा घेत नाही. मग चित्रांची भाषा या मुलासमोर कुणी बोललंय का? एकाही मोठ्या माणसाने त्या तक्त्यावर बोट ठेवून त्याच्याशी एक वाक्य बोललेलं नसतं. म्हणून तक्ता आधी आपल्या बोटाखाली आला पाहिजे. खिचडी वाढताना ‘अजून’वर बोट ठेवायचं आणि तोंडाने म्हणायचं, ‘अजून हवी?’ दार उघडताना ‘उघड’, खेळ आवरताना ‘झालं’. मग थांबायचं. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजायचे, त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि काहीच आलं नाही तरी वाटीत खिचडी वाढायची. ‘आधी बोट दाखव, मग देते’ असं तहानलेल्या मुलाला कुणीही म्हणू नये. ती शिकवण नव्हे, अडवणूक आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या सेविकेने हे पावसाळाभर केलं. मुलगी चार वर्षांची, शब्द एकही नाही. काही हवं असलं की ताईचा हात धरून ओढायची, नको असलं की डोकं भिंतीवर आपटायची. ताईने तिचा तक्ता दोरी ओवून स्वतःच्या गळ्यात घातला होता, कारण कपाटात ठेवलेल्या तक्त्यापर्यंत कुणी जात नाही. आहाराच्या वेळी, अंगणात, हात धुवायला नेताना ती बोलता बोलता चित्रांना बोट लावायची. मुलगी बघतेय की नाही तेही कळायचं नाही. दिवाळीच्या सुमाराला मी भेटीला गेले होते. ताई तिचं नाक पुसायला ओल्या फडक्याने पुढे सरकली, तशी मुलीने सगळा तळवा तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यावर आपटला. तिथे ‘नको’ होतं. ताईचा हात जागच्या जागी थांबला. ‘नको? बरं, नको,’ असं म्हणून तिने फडकं खाली ठेवलं. मुलीने एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि पुन्हा तळवा आपटला. नाक तसंच वाहत राहिलं, आणि ताईने ते वाहू दिलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. पहिला शब्द मान्य झाला म्हणून दुसरा आला.

म्हणून तक्त्यावर काय असावं याकडे मी तुमचं लक्ष वेधते. बाजारातले तक्ते घ्या: सफरचंद, बस, हत्ती, फुलपाखरू. नुसती नामं. २००३ साली बनाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणाऱ्या छोट्या मुलांचे रोजचे शब्द टिपले. पन्नास मुलांच्या बोलण्यात सारखे येणारे जे मोजके शब्द निघाले, त्यांत एकही वस्तूचं नाव नव्हतं. होते ते मी, माझं, नाही, हो, हवं, अजून, ते, इथे, काय, झालं असे. आपल्या मुलांचंही ऐकून पाहा: दे, नको, ये, चल, बघ, थांब, माझं, अजून. हत्ती दाखवून मूल आपल्याला बोलावू शकत नाही, अडवू शकत नाही, विचारू शकत नाही. नामं हवीतच, पण ती त्याच्या घरातली. पाण्याच्या चित्रात चकचकीत नळ नको. त्याच्या घरचा हंडा आणि पेला असू दे, मोबाइलवर फोटो काढून. भाकर, सुका बोंबील, आजी, कोंबडी, समुद्र. ताराबाईंनी शिंपले वेचले ते याच विचाराने.

भाषेचंही तसंच आहे. आमच्याकडे घरात वारली, कुठे गुजराती, अंगणवाडीत मराठी, मोबाइलवर हिंदी. ‘गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला कितीतरी घरांना मिळालाय, आणि आजी नातवाशी बोलायची बंद झालीय. कृपा करून असं सांगू नका. चित्र तेच राहील. आजी त्यावर बोट ठेवून वारलीत म्हणेल, ताई मराठीत म्हणेल. मुलाने ‘मी’ आणि ‘पाणी’ या दोन चित्रांना हात लावला तर व्याकरण सुधारत बसू नका, ‘तुला पाणी हवंय, घे’ एवढं म्हणा. विभक्ती त्याला ऐकून ऐकून येईल.

साधनांची आज उणीव नाही, हे आनंदाने सांगते. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांच्या ‘आवाज’ने भारतीय भाषांसाठी मोठी वाट मोकळी केली. आणि ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांना स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद लॅमिनेट करून मिळतो. लॅमिनेशन मात्र कराच. आमच्या चार महिन्यांच्या पावसात नुसता कागद टिकत नाही. एक अडचण अधिकाऱ्यांसमोर मोकळेपणाने मांडते. साधन मिळालं की ते साठा नोंदवहीत चढतं, आणि हरवलं तर भरपाई आपल्या अंगावर येईल या धास्तीने ताई ते कुलपात ठेवते. तक्ता झिजला पाहिजे, त्याला खिचडी लागली पाहिजे, तो शनिवार-रविवारी मुलाबरोबर घरी गेला पाहिजे. तो वापरून संपणारी वस्तू म्हणून नोंदवा, एवढी आमची मागणी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाची व्याख्या आहे, आणि तीत अशी पर्यायी साधनं स्पष्टपणे धरलेली आहेत. २०२३ साली केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांचा प्रोटोकॉलही काढला. कागद आपल्या बाजूने आहेत.

मुलाचं पुढे काय होईल, हे पालकांच्या मनात असतं आणि ते विचारायचं धाडस होत नाही. सगळीच मुलं तोंडाने बोलू लागतील असं मी सांगणार नाही. काही लागतील, काही नाही. मालिनी चिब यांचं नाव मी मुद्दाम घेते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या लेकीमुळे मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत संस्था सुरू केली. मालिनीताई एका बोटाने टाइप करतात. त्याच बोटाने त्यांनी लंडनच्या दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि स्वतःची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. त्यांना काय म्हणायचंय ते जग ऐकतं.

आता आमच्या तयारीबद्दल. नोंदणीच्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशी आणि जेवणाच्या रांगेत तोच एक तक्ता लावलाय. वाढपी मंडळी आमच्या गावातली आहेत. त्यांनी कालचा दिवस तो वापरायचा सराव केलाय. रांग हळू सरकेल, त्याला आमची हरकत नाही, तुमचीही नसावी. मागच्या बाजूला डाव्या हाताची खोली शांत ठेवलीय, तिथे पंखा आणि चटया आहेत. ज्या मुलांना गर्दी सोसत नाही त्यांनी केव्हाही जावं, कुणाला विचारायची गरज नाही. सभागृहात एखादं मूल ओरडलं, धावलं, तर आईने उठून बाहेर जायचं नाही. वक्त्यांनी क्षणभर थांबावं आणि पुढे बोलावं, ही त्यांना आगाऊ विनंती. दुपारच्या कार्यशाळेत तक्ते बनवायचेत, तेव्हा आपापल्या घरचे, पातेल्यांचे, माणसांचे फोटो मोबाइलवर तयार ठेवा. प्रिंटर आणि लॅमिनेशनचं यंत्र आमच्याकडे आहे.

उद्घाटकांना विनंती करते की त्यांनी कामाला सुरुवात करून द्यावी.